दगडातले रंग, काचपट्टीवरचा छंद

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय भागातील, झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन हे गाव राज्याच्या इतर भागांतील वाचकांना ठाऊक असते ते बहुधा कोळसा, कापूस आणि सिमेंट यांच्या बातम्यांमुळे. या परिसराची आणखी एक ओळख मात्र सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. येथील जमिनीखाली पसरलेली चुनखडी म्हणजे कॅल्साइट या खनिजाच्या असंख्य सूक्ष्म स्फटिकांचा ढीग आहे. प्रकाशाचे एक मोठे गुपित विज्ञानाला याच कॅल्साइटने उलगडून दिले, आणि त्या गुपिताच्या आधाराने जगभरातील हौशी मंडळी आज सूक्ष्मदर्शकातून स्फटिकांची विलक्षण रंगीत छायाचित्रे टिपत आहेत.

स्फटिकांचे सूक्ष्मछायाचित्रण हा तसा एकांतातला छंद. त्यासाठी अभयारण्यात जावे लागत नाही की पहाटे पाणवठ्यावर दबा धरून बसावे लागत नाही. घरातल्या टेबलाचा एक कोपरा, विद्यार्थ्यांच्या वापराचा साधा सूक्ष्मदर्शक, प्रकाशाला वळण लावणाऱ्या दोन पातळ पट्ट्या आणि किराणा दुकानातील किंवा शेतातील चार पदार्थ एवढ्यावर त्याचा आरंभ होतो. हा छंद आहे तरी कसा, त्यातील रंग कोठून येतात, आणि नुसत्या शोभेच्या चित्रापलीकडे त्याला मोल कशाने येते, याचा हा परिचय.

मुकुटबनचा दगड

यवतमाळ जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टने व्यापलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा दख्खनचा कातळ तयार झाला. वणी आणि झरी जामणीच्या बाजूला मात्र भूगर्भाचे चित्र पालटते. तेथे बेसाल्टच्या आधीचे खडक उघडे पडलेले दिसतात. वर्धा खोऱ्यातील कोळशाचे थर त्यांपैकी एक आणि पेनगंगा नदीच्या नावाने भूशास्त्रात ओळखली जाणारी चुनखडी दुसरी. ही चुनखडी प्रोटेरोझोइक महाकल्पातील, म्हणजे किमान ५४ कोटी वर्षांपूर्वीची. त्या काळी जमिनीवर झाड नव्हते की समुद्रात मासा नव्हता. वर्धा खोऱ्यातील कोळशाविषयीचा टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांचा विस्तृत अहवाल भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १८७७ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हापासून हा परिसर अभ्यासकांच्या नकाशावर आहे.

उद्योगाच्या नकाशावर तो ठळक झाला तो अलीकडे. बिर्ला कॉर्पोरेशन समूहाचा, वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना २०२२ मध्ये मुकुटबन येथे सुरू झाला. सिमेंटचा मुख्य कच्चा माल चुनखडी. भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास कॅल्साइट विघटित होते. शंभर किलो शुद्ध कॅल्साइटमधून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ५६ किलो चुना उरतो. समुद्रतळाशी जमलेली रचना तेथेच संपते. म्हणूनच या दगडाचे सूक्ष्मदर्शकाखाली काढलेले एखादे नीट नोंदवलेले छायाचित्र ही केवळ शोभेची वस्तू राहत नाही. ती एका न परतणाऱ्या गोष्टीची नोंद ठरते.

एका दगडाने दाखवलेली दोन अक्षरे

कॅल्साइटचा पारदर्शक, स्वच्छ तुकडा छापील मजकुरावर ठेवला तर प्रत्येक अक्षर दुहेरी दिसते. आइसलँडमधून आणलेल्या अशा तुकड्यांत हा चमत्कार डेन्मार्कच्या इरास्मस बार्थोलिन यांनी पाहिला आणि १६६९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. स्फटिकात शिरलेला प्रकाशकिरण दोन किरणांत विभागला जातो आणि दोहोंचे वक्रीभवन वेगवेगळे होते. पुढे १८०८ मध्ये फ्रान्सच्या एतियेन लुई मालुस यांनी पॅरिसमधील लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेला मावळतीचा प्रकाश कॅल्साइटमधून न्याहाळला. स्फटिक फिरवताच दोन प्रतिमांची तेजस्विता आळीपाळीने कमी-अधिक होत गेली. प्रकाशाच्या या गुणधर्माला ध्रुवण असे नाव मिळाले.

एरवी प्रकाशाची कंपने सर्व दिशांनी होत असतात. ध्रुवित प्रकाशात ती एकाच दिशेपुरती मर्यादित होतात. गजांच्या फटीतून दोरी हलवून पाहावी, तसेच काहीसे हे आहे. उभ्या फटीतून उभी लाट पार होते, आडवी अडते. स्कॉटलंडचे विल्यम निकोल यांनी १८२८ मध्ये कॅल्साइटचेच दोन तुकडे कॅनडा बाल्सम या राळेने जोडून ध्रुवित प्रकाश देणारा लोलक घडवला. तो सूक्ष्मदर्शकाला जोडला गेला आणि स्फटिकांचे रंगीत जग माणसाच्या दृष्टीस पडले.

योगायोग असा, की या जगाचे पहिले रसिक आणि छायाचित्रणाचे एक जनक ही एकच व्यक्ती होती. कागदावरील छायाचित्रणाचा पाया घालणारे इंग्लंडचे विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी १८३० च्या दशकात ध्रुवित प्रकाशाखाली स्फटिकांचा अभ्यास केला आणि पुढे त्यांची सूक्ष्मछायाचित्रेही घेतली. म्हणजे हा छंद छायाचित्रणाच्या कलेइतकाच जुना आहे.

त्याच्या इतिहासात हौशी मंडळींचा वाटाही मोठा आहे. शेफील्डचे हेन्री क्लिफ्टन सॉर्बी हे कोणत्याही पगारी पदावर अवलंबून नव्हते. घरच्या उत्पन्नावर निर्वाह आणि स्वतःच्या आवडीवर संशोधन, असा त्यांचा क्रम होता. दगड काचेला चिकटवून तो प्रकाश आरपार जाईल इतका पातळ घासायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, ही पद्धत त्यांनी १८५० च्या सुमारास खडकांसाठी रुजवली. डोंगर का कुठे सूक्ष्मदर्शकातून पाहायचे असतात, अशी त्या वेळी थट्टाही झाली. पण आज भूशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी त्याच वाटेने जातो. सॉर्बी यांनी १८७९ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेसमोर अध्यक्ष या नात्याने जे भाषण केले, त्याचा विषय चुनखडी हाच होता. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातील शेतकरी विल्सन बेंटली यांनी १५ जानेवारी १८८५ रोजी हिमस्फटिकाचे पहिले छायाचित्र सूक्ष्मदर्शकातून घेतले आणि आयुष्यभरात अशी पाच हजारांहून अधिक छायाचित्रे जमवली. शेती सांभाळूनच त्यांनी हे काम केले.

रंग पदार्थाचे नव्हेत

या छायाचित्रांकडे प्रथमच पाहणाऱ्याचा समज होतो, की पदार्थ रंगवलेला असावा किंवा संगणकावर चित्र सजवलेले असावे. वास्तविक लिंबूसत पांढरे असते, युरिया पांढरा असतो, साखर पांढरी असते. रंग त्यांचे नसतात.

सूक्ष्मदर्शकात दिव्याच्या बाजूला एक ध्रुवक पट्टी आणि नेत्रिकेच्या बाजूला दुसरी अशी मांडणी केली आणि दोन्ही पट्ट्यांच्या दिशा एकमेकींना काटकोनात ठेवल्या, तर दृष्टिक्षेत्र काळे होते. पहिलीतून पार झालेला प्रकाश दुसरी अडवते. आता मध्ये स्फटिक ठेवावा. त्यात शिरलेला प्रकाश दोन किरणांत विभागला जातो, दोहोंची गती वेगळी असते आणि बाहेर पडताना एक किरण दुसऱ्याच्या मागे पडलेला असतो. दुसरी पट्टी दोघांना पुन्हा एका दिशेत आणते, तेव्हा काही रंगांच्या लहरी एकमेकींना खोडतात आणि काही टिकतात. जे टिकते ते आपल्याला दिसते. पाण्यावर पसरलेल्या तेलाच्या तवंगात रंग दिसतात, तोच न्याय येथे आहे.

किरण किती मागे पडेल हे तीन गोष्टींवर अवलंबून असते. पदार्थाचा स्वभाव, स्फटिकाची जाडी आणि त्याची दिशा या त्या तीन. कॅल्साइटचे दोन अपवर्तनांक १.६५८ आणि १.४८६ असे आहेत. फरक ०.१७२, म्हणजे खनिजांत फार मोठा. गारगोटीत, म्हणजे क्वार्ट्झमध्ये, हाच फरक केवळ ०.००९ आहे. खडकाचा छेद प्रघातानुसार ०.०३ मिलिमीटर जाडीचा करतात. तेवढ्या जाडीत गारगोटी करडी-पांढरी दिसते. कॅल्साइटमध्ये किरण इतका मागे पडतो, की रंगांची कितीतरी आवर्तने एकमेकांत मिसळून फिकट गुलाबी-हिरवट छटेचा पांढरा रंग उरतो. त्याच्या कणांच्या निमुळत्या कडांवर मात्र इंद्रधनुष्याच्या रेघा उमटतात. या हिशेबाचा रंगीत तक्ता फ्रान्सच्या ऑगस्ट मिशेल-लेव्ही यांनी १८८८ मध्ये तयार केला. भूशास्त्राच्या प्रयोगशाळांत तो आजही भिंतीवर लावलेला आढळतो.

तेव्हा एकाच काचपट्टीवरच्या एकाच पदार्थाचा स्फटिक एके ठिकाणी निळा आणि शेजारी केशरी दिसला, तर दोन पदार्थ आहेत असा निष्कर्ष काढता येत नाही. जाडी बदलली एवढेच. नवख्या छंदिष्टाने हे पहिल्या दिवशीच मनावर बिंबवलेले बरे.

साहित्य किती आणि कोणते

शाळा-महाविद्यालयांत असतो तसा, ४, १० आणि ४० पट पदार्थ भिंगे आणि दहा पट नेत्रिका असलेला सूक्ष्मदर्शक या कामाला पुरतो. स्फटिकांची उत्तम चित्रे बहुधा ४० ते १०० पट वर्धनातच मिळतात. त्यापुढे जाण्याचा मोह टाळावा. खास ध्रुवण सूक्ष्मदर्शक महाग असतो. पण साध्या उपकरणात दिव्यावर ध्रुवक पट्टीचा एक तुकडा आणि नेत्रिकेवर दुसरा ठेवला तरी काम भागते. अशा पट्ट्या विज्ञानसाहित्याच्या दुकानांत मिळतात. नादुरुस्त गणकयंत्राच्या किंवा जुन्या एलसीडी पडद्याच्या काचेवरही तीच पट्टी चिकटवलेली असते.

या पट्टीची कथाही स्फटिकांचीच आहे. ब्रिस्टलचे डॉक्टर विल्यम हेरापाथ यांच्या एका विद्यार्थ्याने क्विनाइन दिलेल्या कुत्र्याच्या लघवीत आयोडिन टाकले आणि त्यात हिरवे चमकदार स्फटिक तयार झाले. ते प्रकाशाचे ध्रुवण करतात हे हेरापाथ यांनी १८५२ मध्ये प्रसिद्ध केले. अमेरिकेच्या एडविन लँड यांनी १९२९ मध्ये तेच सूक्ष्म स्फटिक पातळ पट्टीत एका दिशेने बसवून स्वस्त ध्रुवक तयार केला. दुर्मीळ कॅल्साइटच्या लोलकाची मक्तेदारी तेथे संपली.

सूक्ष्मदर्शक विकत घेण्यापूर्वी हा सारा खेळ एकदा घरच्या घरी पाहता येतो. एलसीडी पडद्यातून येणारा प्रकाश मुळातच ध्रुवित असतो. संगणकाच्या पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे, काचेच्या तुकड्यावर पारदर्शक चिकटपट्टीचे आडवे-उभे थर द्यावेत आणि ती काच पडद्यासमोर धरून पोलराइज्ड गॉगलमधून पाहावे. गॉगल हळूहळू फिरवताच रंगहीन चिकटपट्टीतून निळे, पिवळे, जांभळे चौकोन उमटतात. जितके थर, तितके निराळे रंग. हा प्रयोग मुलांना दाखवण्याजोगा आहे.

पहिल्या काचपट्ट्या

आरंभ मिठापासून करावा, तोही निराशेसाठी. मिठाच्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर वाळवला की चौकोनी स्फटिक तयार होतात, पण आडव्या-उभ्या ध्रुवकांमध्ये ते काळेच राहतात. मिठाची आणि तुरटीची रचना घनाकृती असते. तेथे प्रकाशाला सर्व दिशा सारख्याच, म्हणून किरण फुटत नाही आणि रंगही उमटत नाही. ही निराशा बोधप्रद आहे. रंग हे रचनेचे लक्षण असल्याचे ती पटवून देते.

त्यानंतर सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत घ्यावे. चमचाभर कोमट पाण्यात चिमूटभर विरघळवून एक थेंब काचपट्टीवर पसरावा आणि झाकून, धूळ न बसेल अशा जागी वाळू द्यावा. थेंब जितका पातळ पसरेल तितके रंग स्वच्छ. क जीवनसत्त्वाच्या गोळीचे द्रावण वाळताना मोरपिसाऱ्यासारखे, मध्यातून चहूकडे फुललेले गुच्छ देते. गोळीत इतर भरताड पदार्थ असतात, म्हणून द्रावण आधी गाळून घ्यावे लागते. साखर मात्र हट्टी आहे. तिचा पाक काचेसारखा घट्ट होऊन बसतो आणि स्फटिक दिसायला कधी कधी कित्येक दिवस लागतात.

मुकुटबनसारख्या कापसाच्या मुलखात सर्वांत सहज हाती येणारा पदार्थ म्हणजे युरिया. त्याच्या द्रावणातून लांबच लांब सुया आणि पात्यांची जाळी वाढते, आणि ती ध्रुवित प्रकाशात झळाळून उठते. वाढ इतक्या वेगाने होते, की सूक्ष्मदर्शकाखाली ती डोळ्यांदेखत पुढे सरकताना पाहता येते. देशात २०१५ पासून युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो. द्रावणावर त्याचा तेलकट तवंग येतो, म्हणून गाळणे आवश्यक. दमट हवेत हे स्फटिक पाणी शोषून पाघळतात. त्यामुळे पावसाळ्यापेक्षा विदर्भाचा कोरडा हिवाळा आणि उन्हाळा या छंदाला अधिक मानवतो.

आणि शेवटी चुन्याची निवळी. खायचा चुना पाण्यात कालवून, गाळ खाली बसल्यावर वरची निवळी एका बशीत काढून ठेवावी. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून तिच्यावर तासाभरात पातळ साय धरते. ती काचपट्टीवर अलगद उचलून, वाळवून ४० पटींच्या भिंगाखाली पाहिली, की काळ्या पार्श्वभूमीवर असंख्य ठिपके लुकलुकताना दिसतात. हे कॅल्साइटचे स्फटिक. चुनखडी भाजून चुना झाला, चुन्यातून पुन्हा कॅल्साइट झाले. भट्टीत जे चक्र तुटते, ते बशीत असे पुन्हा जुळते.

दगड काचेवर उतरवताना

चुनखडीचा छेद काढणे हे चिकाटीचे काम आहे. दगडाची चपटी चकती कार्बोरंडमच्या पुडीने काचेच्या जाड तावदानावर ओली घासायची, गुळगुळीत बाजू राळेने काचपट्टीला चिकटवायची आणि दुसरी बाजू ०.०३ मिलिमीटर जाडी उरेपर्यंत घासत राहायची. केसाच्या जाडीहूनही ते पातळ. शेवटच्या टप्प्यावर चार घासे अधिक झाले, तर छेद नाहीसा होतो. मुकुटबन परिसरातील चुनखडी बारीक कणांची आहे. तिचे कण सुटे ओळखू येणे अवघड असते. परंतु दगडातून गेलेल्या पांढऱ्या शिरांमध्ये कॅल्साइटचे मोठे स्फटिक सापडतात आणि त्यांच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या समांतर रेषांचे जाळे स्पष्ट दिसते.

इतका खटाटोप नको असेल तर त्या पांढऱ्या शिरेचा चिमूटभर चुरा लवंगेच्या तेलाच्या थेंबात घालावा आणि एकच ध्रुवक ठेवून पाहावे. ध्रुवक फिरवला की कॅल्साइटचे कण एका स्थितीत ठळक, तर दुसऱ्या स्थितीत पुसट होतात. लवंगेच्या तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.५३. कणाचा एक अपवर्तनांक त्याच्या जवळ येतो आणि दुसरा दूर राहतो, म्हणून ही उघडझाप. बार्थोलिन यांनी पाहिलेली दोन अक्षरे ती हीच.

दगड गोळा करताना मात्र खाणीच्या हद्दीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. ते बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारेही. रस्त्याच्या कडेला पडलेला खडा या कामाला पुरेसा असतो.

छायाचित्र आणि त्याखालची ओळ

नेत्रिकेवर मोबाइलचा कॅमेरा बसवणारी पकड आता सहज मिळते. दृष्टिक्षेत्र काळे असल्याने मोबाइल आपणहून प्रकाश वाढवतो आणि चित्रात कण उमटतात, रंगही बिघडतात. यासाठी प्रकाशमान आणि पांढऱ्या रंगाचा समतोल हाताने ठरवून कायम करावा. बोटाच्या स्पर्शाने होणारी थरथर टाळण्यासाठी दोन सेकंदांचा टायमर लावावा. जाड स्फटिकाचा सगळा भाग एकाच वेळी स्पष्ट येत नाही. थोड्या थोड्या अंतराने घेतलेली अनेक चित्रे संगणकावर एकत्र करून तो दोष दूर करता येतो. या क्षेत्रातील नामांकित 'निकॉन स्मॉल वर्ल्ड' स्पर्धा १९७५ पासून भरते आणि तीत स्फटिकांची चित्रे वारंवार गौरवली गेली आहेत.

पण चांगले चित्र आणि उपयोगी चित्र यांत फरक आहे. चित्रात मापाची रेघ नसेल तर पाहणाऱ्याला ते मीठ की डोंगर हे कळत नाही. माप काढणे सोपे आहे. नेत्रिकेवर १८ हा क्षेत्रांक असेल, तर त्याला पदार्थ भिंगाच्या वर्धनाने भागावे. चार पट भिंगाखाली दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास साडेचार मिलिमीटर, दहा पट भिंगाखाली १.८ मिलिमीटर. त्याखाली पदार्थाचे नाव, तो कोठून घेतला, कसा वाळवला, तारीख आणि ध्रुवकांची स्थिती एवढे एका ओळीत लिहावे. 'चुनखडीतील पांढरी शीर, मुकुटबन रस्त्याकडेचा खडा, दहा पट भिंग, ध्रुवक काटकोनात' अशी ओळ असलेले चित्र वीस वर्षांनीही बोलते. ती नसलेले चित्र भिंतीवर शोभते, एवढेच.

ही ओळ किती मोलाची असते, हे वैद्यकाने दाखवून दिले आहे. गाउट या संधिविकारात सांध्यातील द्रवात युरेटच्या सुया असतात, हे डॅनियल मॅकार्टी आणि जोसेफ हॉलंडर यांनी १९६१ मध्ये ध्रुवित प्रकाशाच्या साह्याने सिद्ध केले. तपासताना मार्गात रंगपालट करणारी एक ठराविक दिशेची पट्टी ठेवतात. सुई त्या दिशेला समांतर असताना पिवळी दिसली तर गाउट. तशाच स्थितीत निळी दिसणारी पाती असतील तर आजार निराळा आणि उपचारही निराळे. रंग तेच दोन. दिशा नोंदवली नाही, तर त्यांना काहीही अर्थ उरत नाही आणि रुग्णाच्या वाट्याला चुकीचे औषध येऊ शकते.

याच्या उलट उदाहरणही परिचयाचे आहे. चांगले शब्द ऐकवलेल्या पाण्याचे स्फटिक सुंदर आणि वाईट शब्द ऐकवलेल्याचे बेढब, असा दावा जपानच्या मासारू इमोटो यांनी १९९९ पासून छायाचित्रांच्या आधारे मांडला. ती चित्रे आपल्याकडेही पुस्तकांतून आणि भाषणांतून खूप फिरली. पण कोणता नमुना कोणता हे छायाचित्रे घेणाऱ्यांना ठाऊक असे, आणि अनेक स्फटिकांतून चित्रे निवडली जात. विज्ञानाने तो दावा स्वीकारला नाही. हिमस्फटिकाचा आकार तापमान आणि हवेतील बाष्प यांवर ठरतो, हे जपानच्याच उकिचिरो नाकाया यांनी १९३० च्या दशकात प्रयोगशाळेत स्फटिक वाढवून दाखवले होते. छायाचित्र दोघांकडेही होते. नाकाया यांच्याकडे प्रत्येक चित्राखाली तापमान होते.

झरी जामणी परिसरात तर हे भान विशेष हवे. यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळले आहे. विहिरीच्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर वाळवला, की क्षारांचे देखणे स्फटिक उमटतात. परंतु त्या चित्रावरून पाणी पिण्यास योग्य की अयोग्य हे सांगता येत नाही. सुंदर स्फटिक म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. त्यासाठी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेतच द्यायला हवा.

थोडी सावधगिरी

या छंदात धोका कमी आहे, पण शून्य नाही. कीटकनाशकांचे स्फटिक पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. २०१७ च्या हंगामात फवारणीतून झालेल्या विषबाधेने याच जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजुरांचे बळी घेतले आहेत. मोरचुदाचे निळे स्फटिक देखणे असतात, मात्र तेही विषारी. ते हाताळताना हातमोजे वापरावेत आणि स्वयंपाकघरातील भांडी कधीही घेऊ नयेत. काचपट्टीवर पदार्थ वितळवण्याची पद्धत अनुभवी मंडळी वापरतात, कारण वितळलेल्या थरातून फार सुंदर आकृती मिळतात. युरिया १३३ अंशांवर वितळतो आणि अधिक तापवल्यास अमोनिया सोडतो, म्हणून हे काम मोठ्यांनी आणि मोकळ्या हवेतच करावे. दगड नेहमी ओलाच घासावा. कोरड्या घासण्यातून उडणारी धूळ, विशेषतः गारगोटीची, फुप्फुसांना कायमची इजा करते.

भट्टीपलीकडचे स्फटिक

चुनखडीतील कॅल्साइट भट्टीत नष्ट होते, पण स्फटिकांची कहाणी तेथे थांबत नाही. सुमारे १,४५० अंशांवर चुना, सिलिका, ॲल्युमिना आणि लोह यांच्या संयोगातून क्लिंकरचे करडे गोळे तयार होतात, आणि त्यांत नवे स्फटिक जन्माला येतात. फ्रान्सचे आंरी ल शातेलिए यांनी १८८७ मध्ये आपल्या प्रबंधासाठी ते सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यासले. स्वीडनचे भूशास्त्रज्ञ ए. ई. टॉर्नेबोम यांनी १८९७ मध्ये त्यांना ॲलाइट, बेलाइट अशी नावे दिली. ॲलाइटचे षट्कोनी कण आणि बेलाइटचे गोलसर कण पाहून भट्टी कशी तापली आणि सिमेंट किती बळकट होईल, याचा अंदाज जाणकार आजही बांधतात. घराच्या भिंती ज्यावर उभ्या आहेत, तेही शेवटी स्फटिकच.

महाराष्ट्राला स्फटिकांचे वैभव नवे नाही. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतील निळेशार कॅव्हनसाइट जगभरच्या संग्रहालयांत मिरवते. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात बेसाल्टच्या पोकळ्यांतील झिओलाइटांची झुंबरे पाहायला मिळतात. मुकुटबनच्या चुनखडीला अशी झळाळी नाही. तिचे सौंदर्य उघड्या डोळ्यांना दिसतच नाही. ते दिसण्यासाठी दगड केसाहून पातळ करावा लागतो आणि प्रकाशाला दोन पट्ट्यांमधून न्यावे लागते.

तो दगड रोज भट्टीत जातो आहे आणि जात राहील. सिमेंट सर्वांनाच हवे असल्याने त्याविषयी तक्रार करण्यातही अर्थ नाही. एखाद्या शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटात धूळ खात पडलेला सूक्ष्मदर्शक बाहेर निघाला आणि रस्त्याकडेच्या एका खड्याची काचपट्टी त्याखाली गेली, तर मात्र किमान ५४ कोटी वर्षांच्या एका समुद्राची लहानशी खूण मागे राहील. अट एकच. चित्राखाली गावाचे नाव आणि तारीख लिहिलेली असावी.